शी कशी झाली, इथून सुरुवात

कुत्रं टेबलावर चढवायच्या आधी माझा पहिला प्रश्न असतो, “शी कशी झाली?” नवीन आलेला माणूस जरा बावरतो आणि बायकोकडे बघतो. मग कळतं की शी कशी झाली हे घरात कुणालाच माहीत नाही, कारण सकाळी साखळी सोडली की कुत्रं उसात जातं आणि आपलं आपलं परत येतं. लघवीचंही तेच. शेवटचं कधी जेवलं? “काल सकाळी खाल्लं की... न्हाय, परवा.” उलटी झाली का, असं विचारलं की मात्र मागून आजी पुढे सरकतात, कारण दारातली उलटी त्यांनीच पुसलेली असते. पिवळी होती, फेस होता, गवताच्या दोन काड्या होत्या. निम्मं निदान आजींनी केलेलं असतं, फी मी घेते.

कराडात माझा दोन खोल्यांचा दवाखाना आहे, फक्त कुत्र्या-मांजरांचा. बाहेर बाकडं आणि वजनकाटा. आत स्टीलचं टेबल, सलाइनचा स्टँड, मायक्रोस्कोप, सेकंडहँड घेतलेलं सोनोग्राफीचं मशीन आणि इन्व्हर्टरवर चालणारा लसींचा फ्रिज. मदतीला एक मुलगा आहे. जनावर न दुखवता धरायचं कसं, हे त्याला माझ्याहून चांगलं जमतं. मी शिकले शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यास, त्यात गाय, म्हैस, शेळी, घोडा, कोंबडी, सगळं. दवाखाना काढते म्हटल्यावर मामा म्हणाले होते, “कुत्र्याला कोण पैसे देऊन दाखवतंय?” आता त्यांच्याच सोसायटीतली तीन कुत्री माझ्याकडे येतात.

लोकांना वाटतं, मोठी मशिनं नसतात म्हणून छोट्या दवाखान्यात जनावर दगावतं. माझा अनुभव तसा नाही. माझ्या टेबलावर जी हातची गेली, त्यातली बहुतेक उशिरा आणलेली होती, नाहीतर घरच्या गोळीनं बिघडलेली होती.

गोळीचं आधी सांगते. कुत्र्या-मांजराचं नेहमीचं तापमानच साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपला हात लागला की ते अंग गरमच लागणार. पण कानाला हात लावून “तापलंय” असं ठरतं आणि घरातली पॅरासिटामॉल कुस्करून दुधातून जाते. मोठं कुत्रं एखाद्या वेळी निभावून नेतं, त्यानं लोकांचा विश्वास बसतो. मांजराचं तसं नाही. हे औषध बांधून शरीराबाहेर टाकण्याचं काम आपल्या यकृतातलं जे एन्झाइम करतं, ते मांजरात फार तोकडं असतं. मग औषध दुसऱ्या वाटेनं मोडतं, त्यातून विषारी पदार्थ तयार होतो आणि तो रक्तातल्या तांबड्या पेशींवर पडतो. रक्त असतं, पण त्याला प्राणवायू वाहता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी धडधाकट मांजराला मारायला पुरते.

एका कॉलेजच्या मुलीनं तिची मनी आणली होती. तोंड सुजलेलं, पंजे सुजलेले, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या गुलाबीच्या जागी तपकिरी. “काही दिलं होतं का?” नाही. पुन्हा विचारलं, नाही. मी विचारलं, “काय काय दिलं होतं?” तेव्हा दारात उभा असलेला भाऊ म्हणाला, “थोडीच दिली होती, अर्धी.” यावरचा उतारा, ॲसिटिलसिस्टीन, माणसांच्या मेडिकलमध्येच मिळतो. माझा मदतनीस धावत जाऊन घेऊन आला. मनी वाचली, कारण गोळी पोटात जाऊन फार तास झाले नव्हते. तेव्हापासून मी ‘काही दिलं का’ असं विचारतच नाही. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. चोरून दिलेलं नसतं हो, फक्त घरातली गोळी म्हणजे औषध दिलं असं कुणी धरत नाही.

अंगदुखीच्या गोळ्यांचंही तसंच. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात, मूत्रपिंड बंद पाडतात. डायक्लोफिनॅकवर २००६ साली जनावरांसाठी बंदी आली ती वेगळ्या कारणानं, ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मेली म्हणून. आणि कुत्र्याच्या मानेवर लावायचं गोचिडांचं औषध उरलं म्हणून मांजराला लावायचं नाही. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात.

रोजच्या कामात सगळ्यात मोठा वाटा लसींचा. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, पिल्लू साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. त्यातून डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ आणि उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टो यांपासून संरक्षण मिळतं. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, आणि ती दर वर्षी. “एवढ्या वेळा कशाला? एकदाच मोठी देऊन टाका,” असं प्रत्येक जण म्हणतो. कारण असं की पिल्लाच्या अंगात आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती असते आणि ती लसीलाच हाणून पाडते. ही आईची पुंजी कुणाची सहा आठवड्यांत संपते, कुणाची चौदा. कधी संपली हे बाहेरून दिसत नाही, म्हणून आपण पुन्हा पुन्हा दार वाजवत राहायचं. दोन डोस देऊन “आता चांगलं आहे की” म्हणत तिसरा चुकवलेली पिल्लं पार्व्होनं भरती होतात, तेव्हा मालकाला वाटतं लसच खोटी होती.

लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. उन्हात तापली की गेली, आणि रेबीजसारखी लस गोठली तरी गेली, हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्यामुळे कुणी खिशातून बाटली काढून “एवढी टोचा फक्त” म्हणालं की मी नाही म्हणते. राग येतो लोकांना. येऊ दे.

पार्व्होचं पिल्लू दारातून आत यायच्या आधी कळतं. रक्ताळलेल्या जुलाबाचा तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. हा विषाणू आतड्याचं अस्तर सोलून काढतो आणि पांढऱ्या पेशी पाडतो. त्याला मारणारं खात्रीचं औषध आमच्या हातात नाही. आम्ही करतो ते एवढंच की शिरेतून सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, साखर-पोटॅशियम सांभाळणं, आणि पिल्लाच्या शरीराला लढायला चार-पाच दिवस मिळवून देणं. वेळेत आलेली पुष्कळ पिल्लं वाचतात. पण विषाणू अंगणात कित्येक महिने तग धरतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही, ब्लीच लागतं. पिल्लू गेलं की आठवड्याभरात त्याच कोपऱ्यात दुसरं आणू नका, हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कुणीतरी आणतंच.

गोचीड-तापाचा हंगाम म्हणाल तर आमच्याकडे जवळजवळ बारमाही. कुत्रं खाईना, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त. इथे मायक्रोस्कोप लागतो. कानाच्या टोकाला बारीक टोचून एक थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेनं ओढून पातळ थर करायचा, वाळवायचा, रंग द्यायचा, वर तेलाचा थेंब टाकून मोठ्या भिंगाखाली बघायचं. तांबड्या पेशीच्या आत बारीकसा जांभळा ठिपका, कडेला फिकट वलय, असं दिसलं की बबेसिया. पांढऱ्या पेशीत जांभळा पुंजका दिसला तर एर्लिकिया, पण तो नशीब असेल तर दिसतो. म्हणून प्लेटलेट्सही मोजाव्या लागतात. दोन्हींची औषधं निराळी आहेत, म्हणून “तापाचं एक इंजेक्शन मारा” यावर माझं भागत नाही. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन चार आठवडे द्यावं लागतं. चौथ्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागतं, आठव्या दिवशी गोळ्या बंद होतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच कुत्रं पुन्हा टेबलावर. गोचिडांचं आणखी एक आहे. अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीचा संसार भिंतीच्या भेगांत, खाटेच्या सांध्यांत आणि गोठ्याच्या दगडांत असतो. एक मादी हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याला औषध लावलं आणि भिंतीला नाही, तर अर्धंच काम झालं.

बोके ज्या एका कारणासाठी रात्री अकराला आणले तरी मी दार उघडते, ते म्हणजे लघवी अडकणं. फोनवर सांगतात, “मॅडम, बोक्याला शी होईना, सारखा कुंथतोय.” मी पहिलं विचारते की लघवी झाली का? बोक्याची मूत्रनलिका टोकाला फार अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ तिथे अडकला की बूच बसतं. पोटाला हात लावला की मोसंबीएवढी, दगडासारखी घट्ट लघवीची पिशवी लागते. मागे राहिलेलं पोटॅशियम रक्तात चढतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबतं. हलकी भूल देऊन बारीक नळी घालायची, सलाइनच्या दाबानं गाळ मागे ढकलायचा. कधी पाच मिनिटांत जमतं, कधी तासभर घाम निघतो. नळीतून पहिली लालसर धार आली की माझ्या मदतनिसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. घरी बद्धकोष्ठाचं म्हणून एरंडेल पाजण्यात एक दिवस गेला असेल, तर तो दिवस मला परत आणता येत नाही.

आता ज्याला मी स्वतः भिते त्याबद्दल. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चावत सुटलेलं कुत्रं येतं. पण रेबीजचा एक प्रकार मुका असतो. कुत्रं गुपचूप कोपऱ्यात बसतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलंय. आणि घरातला सगळ्यात धीट माणूस तोंडात हात घालून हाड शोधतो. लाळ गळतेय, गिळता येत नाही, असं कुणी सांगितलं की मी आधी सगळ्यांना मागे सरायला लावते आणि लसीचं कार्ड मागते. जिवंत जनावरात रेबीज आहे की नाही हे खात्रीनं सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही. पक्कं निदान मेल्यावर मेंदूच्या तपासणीतून होतं. लक्षणं दिसायला लागल्यावर ना कुत्रं वाचतं ना माणूस. म्हणून चावलं, ओरखडलं, किंवा जखमेवर लाळ लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट सरकारी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. आम्ही या धंद्यातली माणसं स्वतः आधीच लस घेऊन ठेवतो.

ऑपरेशनांत निम्म्याहून जास्त नसबंदीची. आदल्या रात्रीपासून खायला बंद, सकाळी रक्त तपासून भूल, मादीची गर्भपिशवी आणि अंडाशय काढायचे, दहा दिवसांनी टाके. “एकदा तरी पिल्लं होऊ दे की, तिचा जीव आहे,” हे वाक्य मला रोज ऐकू येतं, बहुतेक वेळा पुरुषांकडून. पिल्लं झाल्यानं कुत्रीच्या तब्येतीला कसलाही फायदा होत नाही. उलट, नसबंदी न केलेल्या आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्या माज येऊन गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत येतात तेव्हा पाणी सारखं पितात, पोट फुगलेलं, खालून घाण वास. गर्भपिशवी पुवानं भरलेली असते. मग तेच ऑपरेशन करावं लागतं, पण म्हाताऱ्या, विष भिनलेल्या कुत्रीवर, मध्यरात्री. तरुणपणी केलं असतं तर संध्याकाळी घरी गेली असती. मांजरीचं तर विचारूच नका. पाचव्या महिन्यात ती गाभण राहू शकते, आणि वर्षातून दोन-तीन वेळा विते.

भटक्या कुत्र्यांना घेऊन येणारे दोघं-तिघं नेहमीचे आहेत. एक निवृत्त पोस्टमन पेन्शनमधून खर्च करतात. त्यांनी आणलेल्या कुत्र्यांत एक रोग हमखास सापडतो, जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, रक्त गाळणारी गाठ. हा संसर्गजन्य कॅन्सर आहे. म्हणजे विषाणूनं होणारा नव्हे, कॅन्सरच्या पेशीच समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजतात. हजारो वर्षांपूर्वीच्या एखाद्या कुत्र्याच्या पेशी आजच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या अंगावर जिवंत आहेत, असा हा प्रकार. ऐकायला भयंकर, पण बरा करायला त्यातल्या त्यात सोपा. व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्याला एक, साधारण चार ते सहा आठवडे. ते नेमकं शिरेतच गेलं पाहिजे, थेंब बाहेर पडला तर कातडी सडते. म्हणून त्या पाच मिनिटांत दवाखान्यात कुणी बोलायचं नाही, असा नियम आहे. दर आठवड्याला गाठ आक्रसलेली दिसते. हे औषध मूळचं सदाफुलीतलं. पोस्टमनकाकांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. पाल्याचा रस कुत्र्याला पाजू का, असं विचारत होते. नको म्हटलं, सदाफुलीचा पाला पोटात गेला तर विषच आहे.

ऊस तोडायला आला की साप. घोणस बहुधा तोंडावर चावते, कारण कुत्रं नाक खुपसतं. तोंड एका बाजूनं सुजतं. मी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं हलवत नाही. नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे गोठणं बिघडलंय, प्रतिविष द्यायचं. माणसांना देतात तेच, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं. महाग असतं. मालक शेतमजूर असला की इथे मलाही घशात आवंढा येतो. कधी अर्धी उधारी, कधी पोस्टमनकाका.

खाण्याचं लवकर आटोपते. दूध-चपातीवर वाढलेल्या लॅब्रॉडोरच्या पिल्लाला मुडदूस होतो, आणि त्यावर लोक कॅल्शियमच्या बाटल्या मापाबाहेर पाजतात, त्यानं मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं आणखी बिघडतात. मांजर शाकाहारी घरात असलं तरी मांजरच असतं. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो मिळाला नाही तर डोळे जातात, हृदय पसरतं. घरात शिजवायचं नसेल तर तयार कॅट फूड घ्या, मी काही तुमचं सोवळं मोडत नाही. आखाडातल्या मटणाची शिजलेली हाडं कुत्र्याला घालू नका. ती सुईसारखी फुटतात. गटारीनंतरचा आठवडा आमचा सुगीचा असतो, हे सांगायला बरं वाटत नाही.

काय होत नाही तेही सांगितलं पाहिजे. माझ्याकडे एक्सरे नाही. मांडीचं हाड मोडलं, मणक्याला मार बसला, तर पट्टी बांधून, वेदना कमी करून मी शिरवळच्या कॉलेजात नाहीतर पुण्याला पाठवते. गुंतागुंतीची हृदयाची तपासणी तिकडेच. कुणी “तुम्हीच काहीतरी करा” म्हटलं की मोह होतो, पण मोडलेल्या हाडावर अंदाजानं काम करण्यापेक्षा तीन तासांचा प्रवास बरा. आणि जिथे कुठेच पाठवून उपयोग नसतो, तिथे सुखमरण द्यावं लागतं. आधी गाढ भूल, मग दुसरं इंजेक्शन. घरच्यांनी थांबायचं की बाहेर जायचं, हे त्यांनीच ठरवायचं. लहान मुलांना ‘झोपवलं’ म्हणू नका एवढी विनंती मी करते, कारण मग ती मुलं रात्री झोपायला घाबरतात.

येताना मोबाइलमध्ये शूटिंग करून आणा. घरी लंगडणारं, झटके येणारं कुत्रं दवाखान्याचा वास आला की दहा मिनिटं अगदी शहाण्यासारखं चालून दाखवतं. गोळीचं पाकीट, चघळलेल्या झाडाचं पान, फवारणीच्या डब्याचा फोटो, जे असेल ते आणा. मांजराला दुपारी एक ते दोनची वेळ घ्या, तेव्हा बाकड्यावर कुत्री नसतात. झाकणाची टोपली, आंब्याची पेटी, वर टॉवेल, काहीही चालेल. पण भाजीच्या पिशवीत आणलंत तर पिशवीचं तोंड मी म्हणेपर्यंत सोडू नका. मागच्या पावसाळ्यात असंच एक मांजर लसींच्या फ्रिजमागे शिरलं, आणि त्या दिवशीची ओपीडी तिथेच संपली.